डिसलेक्सिया असलेल्या मुलांचा अभ्यास, सर्टिफिकेट आणि बोर्डाच्या सवलती: पालक सारखे विचारतात ते प्रश्न

मी रेमेडियल शिकवते, म्हणजे वाचन लेखनात अडलेल्या मुलांना ती जिथे अडलीत तिथून शिकवते. व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर, शाळेच्या गेटवर मला जे प्रश्न परत परत येतात ते एकदाचे इथे लिहून काढलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकाच उत्तरात सगळं कोंबलेलं नाही, जिथे दुसऱ्या प्रश्नाशी संबंध येतो तिथे नंबर दिलाय. नियम सगळे महाराष्ट्रातले धरून आहेत.

१. डिसलेक्सिया म्हणजे नक्की काय? मुलगा बोलायला एवढा हुशार आहे मग वाचता का येत नाही?

बोलणं मूल घरात ऐकून ऐकून आपोआप शिकतं, वाचणं मात्र प्रत्येकाला शिकवावंच लागतं. शब्दातले आवाज सुटे सुटे ओळखायचे, ते अक्षराशी जोडायचे आणि हे झटपट करायचं, या कामात काही मुलांच्या मेंदूला जन्मापासूनच जास्त कष्ट पडतात, त्याला डिसलेक्सिया म्हणतात. बुद्धीशी त्याचा संबंध नाही, डोळ्यांशी पण नाही, आणि तुम्ही लहानपणी मोबाईल दिला म्हणून झालेलंही नाही. लिहिण्यातला त्रास म्हणजे डिसग्राफिया, गणितातला म्हणजे डिसकॅल्क्युलिया, आणि या सगळ्यांना मिळून सरकारी कागदावर 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' किंवा एसएलडी लिहितात. जगभरात शाळकरी मुलांपैकी साधारण ५ ते १५ टक्के मुलांना यातला काही ना काही त्रास असतो असं धरतात, म्हणजे ४० मुलांच्या वर्गात दोन तरी असणारच, फक्त बाईंच्या लक्षात येतंय का एवढाच प्रश्न.

२. आळशीपणा आहे का डिसलेक्सिया, कसं ओळखायचं?

आळशी मूल सगळीकडे आळशी असतं. हे मूल क्रिकेटचे स्कोअर तोंडपाठ सांगतं, तोंडी विचारलं की इतिहासाचा धडा छान सांगतं, आणि पुस्तक पुढे केलं की पोटात दुखतं, तहान लागते, शू लागते. हा फरक दिसला की कान टवकारायचे.

वयाप्रमाणे बघायचं तर, बालवाडीत असताना यमक जुळवता येत नाही, बडबडगीतं पाठ होत नाहीत, रंगांची नावं आठवायला वेळ लागतो. पहिली दुसरीत बाराखडी चालीवर धडाधड म्हणतं पण मधलंच 'खे' किंवा 'भू' बोट ठेवून विचारलं की गप्प (हे घरी आजच करून बघा, फार बोलकं असतं). तिसरी चौथीत पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देतं, 'पावसाळा' ला 'पाठशाळा'. फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतं. आणि मोठी मुलं वाचतात पण इतकं हळू की प्रश्न संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, पेपर अर्धा राहतो.

यातलं एखादं लक्षण असलं म्हणून लगेच घाबरायचं नाही, पण चारपाच असतील आणि सहा महिने नीट शिकवूनही फरक नसेल तर टेस्ट करून घ्या (प्रश्न ७).

३. माझी मुलगी ६ चा ९ करते, इंग्लिशमधले बी आणि डी उलटे काढते. म्हणजे डिसलेक्सियाच ना?

नाही. सहा सात वर्षांपर्यंत खूप मुलं असं करतात आणि सोडून देतात. उलट माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच डिसलेक्सियाच्या मुलांनी एकही अक्षर उलटं काढलेलं नसतं. खरी अडचण आवाजात असते, आकारात नाही.

४. मराठीत जसं बोलतो तसंच लिहितो, मग मराठीत डिसलेक्सिया कसा असेल? आमचा मराठी थोडंफार वाचतो, इंग्लिशमध्येच अडतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. इंग्लिशमध्ये एकाच अक्षराचे पाच आवाज आणि एकाच आवाजाची पाच स्पेलिंगं, त्यामुळे तिथे त्रास ढळढळीत दिसतो. देवनागरीत अक्षर आणि आवाज जवळपास ठरलेले आहेत म्हणून मूल कसंबसं का होईना वाचायला लागतं आणि सगळ्यांना वाटतं झालं. पण वेग बघा. आणि लिहिलेलं बघा.

आपल्या लिपीचे स्वतःचे खड्डे आहेत आणि मुलं बरोब्बर त्यातच पडतात. एक, ऱ्हस्व वेलांटी. 'कि' म्हणताना आधी क येतो पण कागदावर वेलांटी आधी दिसते, त्यामुळे 'किल्ला' वाचताना मूल थबकतं. दोन, रफार. 'सूर्य' मध्ये र आधी ऐकू येतो आणि लिहायचा य च्या डोक्यावर. त्या एका र ची रूपं तरी किती, 'प्रकाश' मधला वेगळा, 'राष्ट्र' मधला वेगळा, 'दुसऱ्या' मधला वेगळा, 'वर्ग' मधला वेगळा, आणि हे आपण मुलाला एका आठवड्यात उरकून टाकतो. तीन, दिसायला सारखी अक्षरं: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, ड इ ह झ यांची तर गल्लतच. 'ख' चे र आणि व सुटे झाले की संपलं. चार, न लिहिलेला अ. 'कमळ' लिहिताना तीन पूर्ण अक्षरं पण बोलताना शेवटचं अर्धवट. आणि जोडाक्षरं आहेतच.

म्हणून मराठीत थोडंफार येतंय याचा अर्थ डिसलेक्सिया नाही असा काढू नका. टेस्ट करताना मराठी आणि इंग्लिश दोन्हीचं वाचन लेखन तपासायला सांगा, नुसतं इंग्लिश तपासून दिलेला रिपोर्ट अर्धा समजायचा.

५. मीडियम बदलू का? सेमीतून पूर्ण मराठीत टाकू का इंग्लिश मीडियममधून काढू?

सरसकट उत्तर नाही, पण माझं मत विचाराल तर घरात जी भाषा बोलता त्यात आधी वाचायला शिकणं सोपं जातं. पहिली दुसरीत असेल आणि घरात इंग्लिशचा गंधही नसेल तर बदल नक्की विचारात घ्या. सातवी आठवीत मात्र बदलू नका, कारण गणित विज्ञानाचे सगळे शब्द नव्याने शिकावे लागतात आणि मित्र सुटतात ते वेगळंच. सेमीत विज्ञानाचे इंग्लिश शब्द अडत असतील तर तेवढे शब्द घरी तोंडी घोटून घ्या, धडा सुरू व्हायच्या आधीच, नंतर नाही. आणि मीडियम बदलल्याने डिसलेक्सिया जात नाही हे लक्षात ठेवा, शिकवायची पद्धत बदलावी लागते (प्रश्न ११).

६. आम्ही अमेरिकेत असतो, मुलाला डिसलेक्सिया निघाला. डॉक्टर नाही पण नातेवाईक म्हणतात मराठी बंद करा, दोन भाषांमुळे गोंधळ होतो.

बंद करू नका. दोन भाषा बोलल्याने डिसलेक्सिया होत नाही आणि वाढतही नाही. आजीशी फोनवर बोलणं, गोष्टी ऐकणं हे सगळं तसंच चालू द्या. लिहायला वाचायला शिकवणं मात्र थोडं पुढे ढकललं तरी चालेल, इंग्लिश वाचनाचा पाया बसेपर्यंत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जात असेल तर तिथल्या शिक्षकांना आधीच सांगून ठेवा की तोंडी घ्या. शाळेतल्या मदतीसाठी तिकडे आयडिया या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याखाली आयईपी, म्हणजे त्या मुलापुरता आखलेला शिकवण्याचा प्लॅन मिळतो, त्यासाठी शाळेला टेस्टची लेखी विनंती तुम्ही स्वतः करू शकता.

७. टेस्ट कुठे करायची, कितव्या वर्षी, आणि त्यात काय काय करतात?

सरकारी सर्टिफिकेटसाठीची (बोर्डाच्या सवलतींना हेच लागतं) टेस्ट साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावर किंवा तिसरीत होते. केंद्राच्या २०१८ च्या गाइडलाइन्समध्ये आठ वर्षांनंतर पहिलं सर्टिफिकेट, मग १४ ला परत, १८ ला परत आणि १८ चं कायमचं असं ठरलं होतं. २०२४ मध्ये या गाइडलाइन्स सुधारल्या गेल्या, त्यामुळे जायच्या आधी हॉस्पिटलमध्ये चालू नियम विचारून घ्या.

मुंबईत सायन, केईएम, नायर, पुण्यात ससून अशा मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये हे काम होतं, बाकीच्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करायची. केस पेपर काढायचा, मग एकेक तारीख मिळत जाते. आधी डोळे आणि कान तपासतात, कारण ऐकूच कमी येत असेल तर गोष्ट वेगळी. मग आयक्यू, तो साधारण ८५ च्या वर लागतो. मग वाचन, लेखन, गणिताची टेस्ट, त्यासाठी बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, वापरतात. बरोबर शाळेचा रिपोर्ट, बोनाफाईड, आधार, फोटो, जुन्या मार्कशीट आणि मुलाच्या वह्या न्या. वह्या स्वच्छ करून, नवीन कव्हर घालून नेऊ नका हो, खाडाखोड असलेल्याच न्या, डॉक्टरांना तेच बघायचं असतं!

एकाच फेरीत काम होत नाही, महिनोन्महिने लागू शकतात. म्हणून दहावीच्या वर्षापर्यंत थांबायचं नाही.

८. मुलगी अजून सहाच वर्षांची आहे. बाई म्हणतात मोठी झाली की येईल आपोआप. थांबू का?

टेस्टसाठी थांबा, शिकवण्यासाठी थांबू नका. सहा सात वर्षांच्या मुलीला आवाजाचे खेळ आणि पद्धतशीर अक्षरओळख दिली आणि पुढे डिसलेक्सिया नाहीच निघाला तरी तिचं नुकसान काय झालं? काही नाही. पण थांबलात आणि निघाला, तर मधल्या दोन वर्षांत 'मला येतच नाही' हे तिच्या मनात पक्कं बसतं, आणि ते काढायला वाचन शिकवण्यापेक्षा जास्त वेळ जातो हे मी रोज बघते. काय करायचं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

९. आम्ही प्रायव्हेट सायकॉलॉजिस्टकडून आठ हजार देऊन रिपोर्ट केलाय, तो बोर्डाला चालत नाही म्हणतात. पैसे वाया गेले का?

वाया नाही गेले. तो रिपोर्ट शिकवण्यासाठी असतो, मूल नक्की कुठे अडतंय ते त्यात चांगलं लिहिलेलं असतं, रेमेडियल टीचरला तोच लागतो. बोर्डाच्या सवलतींसाठी मात्र सरकारने नेमलेल्या हॉस्पिटलचंच सर्टिफिकेट लागतं. दोन्हींचं काम वेगळं आहे.

तिसरी गोष्ट यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २०१७ पासून लागू झाला आणि त्यातल्या २१ प्रकारांमध्ये एसएलडी आलं, म्हणून हे कार्ड या मुलांनाही मिळतं, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. कार्डावर टक्केवारी असते. ४० टक्के किंवा जास्त असेल तर कॉलेजमधलं आरक्षण वगैरे लागू होतं (प्रश्न २०). परीक्षेतला जादा वेळ हा वेगळा विषय, तिथे ४० टक्क्यांच्या खाली असलं म्हणजे सगळं संपलं असं नाही.

आणखी एक, प्रायव्हेटमध्ये जाताना आरसीआयचा (या कामातल्या तज्ज्ञांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन नंबर विचारा, सायकॉलॉजिस्टला पण आणि स्पेशल एज्युकेटरला पण. विचारायला लाजायचं काही कारण नाही, मला विचारलं की मी लगेच दाखवते.

१०. सर्टिफिकेट काढलं तर मुलावर कायमचा शिक्का बसेल. सासूबाई म्हणतात मुलगी आहे, पुढे लग्नाचं काय?

शिक्का तर आत्ताच बसलाय, 'ढ' असा, आणि तो वर्गाने मारलाय. सर्टिफिकेटवर निदान खरं कारण तरी लिहिलेलं असतं. सर्टिफिकेट कोणाला दाखवायचं हे तुमच्या हातात आहे, दहावीच्या मार्कशीटवर ते छापून येईल अशी भीती असेल तर शाळेत विचारून घ्या. लग्नाबद्दल मी काही बोलणार नाही, चौथीतल्या मुलीच्या वाचनाचा निर्णय वीस वर्षांनंतरच्या पाहुण्यांकडे बघून घ्यायचा का हे तुम्हीच ठरवा. मुलीला स्वतःला काय सांगायचं ते प्रश्न १८ मध्ये बघा.

११. रेमेडियल म्हणजे ट्यूशनच ना? किती दिवसात बरा होईल?

ट्यूशनमध्ये पाचवीच्या मुलाला पाचवीचा धडा परत शिकवतात. रेमेडियलमध्ये मूल जिथे अडलंय तिथे जातात, मग ते दुसरीच्या पातळीवर का असेना. आवाज, अक्षर, अक्षरांचे शब्द, जोडाक्षर, वाक्य असं ठरलेल्या क्रमाने, एक पक्कं झाल्याशिवाय पुढचं नाही, आणि डोळे, कान, तोंड, हात सगळे एकदम वापरून. अमेरिकेत १९३० च्या दशकात ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी ही पद्धत बसवली, आता तिचे बरेच प्रकार आहेत, पण गाभा तोच. आठवड्याला दोन तीन तास तरी लागतात आणि घरचा सराव वेगळा.

'बरा' हा शब्द वापरू नका कारण हा आजार नाही. वाचन सुधारतं, खूप सुधारतं, वेग बहुतेकांचा थोडा कमीच राहतो. सहा महिन्यांत काहीच हललं नाही तर मुलाला नाही, शिकवणाऱ्याला प्रश्न विचारा. कुठून सुरू केलं होतं, आता कुठे आहे, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन ही मुंबईतली संस्था १९९६ पासून या कामात आहे, शिक्षकांना ट्रेनिंग पण देते, जवळ कोणी नसेल तर तिथे चौकशी करून बघा.

आणि हे मला ठळक सांगायचंय: सर्टिफिकेट म्हणजे शिकवणं नाही. कितीतरी घरी सर्टिफिकेट मिळालं की सगळे निवांत होतात, रेमेडियल बंद, आणि मग नववीत लक्षात येतं की मुलाला जादा वेळ तर मिळेल पण प्रश्नच वाचता येत नाही.

१२. घरी मी काय करू? मला शिकवायचं ट्रेनिंग नाही.

रोज पंधरा वीस मिनिटं, एकाच वेळी, रागावणार नसाल तरच. ज्या दिवशी डोकं तापलंय त्या दिवशी सुट्टी.

लहान मुलांबरोबर आधी नुसते तोंडी खेळ, वही पेन्सिल नको. भेंड्या लावा, पण गाण्याच्या नाही, शब्दांच्या. 'कमळ' मधला क काढला तर काय उरलं? मळ. 'सरस' मधला पहिला स काढला? रस. मी म्हणते 'पा' आणि 'णी', जोडलं तर काय? भाजी निवडताना, बसस्टॉपवर, कुठेही होतं हे. मग अक्षर, पण बाराखडी चालीवर म्हणून घेऊ नका, तिची चाल पाठ असते, अक्षरं नाही. दोन तीनच अक्षरं घ्या आणि त्यांचे शब्द करा, क म ल घेतलं की कमल, कलम, मका, काका असं, एक काना आला की किती शब्द झाले बघा. सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका, घ पक्का झाल्यावर मगच ध. रवाळ पाटीवर, ताटातल्या रव्यात, दारावर बोटाने मोठं गिरवायचं आणि गिरवताना आवाज मोठ्याने म्हणायचा, नुसतं गिरवून उपयोग नाही. जोडाक्षर आलं की क चा पाय मोडून य ला चिकटवून दाखवा, क् आणि य, क्य. रफारासाठी मुलाला आधी ऐकायला सांगा, र कोणाच्या आधी ऐकू आला, मग तो कोणाच्या डोक्यावर बसेल ते त्यालाच ठरवू द्या.

वाचनासाठी त्याच्या वर्गाचं पुस्तक नको, त्याला शंभरातले पंच्याण्णव शब्द येतील असं सोपं काही घ्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साईटवर मराठी गोष्टी लेव्हलप्रमाणे फुकट आहेत. आधी तुम्ही एक ओळ वाचा, मग दोघं मिळून, मग त्याने एकट्याने. शब्द अडला की पाच सेकंद थांबा आणि सांगून टाका. 'नीट बघ, नीट बघ' म्हणून काही होत नाही, तो नीटच बघत असतो.

आणि झोपताना तुम्ही वाचून दाखवा, त्याच्या वयाचं, मोठं, मजेदार काहीही, सातवीत असला तरी. शब्दसंपत्ती कानातून वाढते, आणि ती मागे पडली तर वाचन सुधारल्यावरही अर्थ लागत नाही.

१३. शुद्धलेखन चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घेऊ का?

नको. दहापैकी सहा वेळा चुकीचाच लिहिला जातो. दोनदा लिहा पण आवाज फोडून म्हणत म्हणत. आणि ऱ्हस्व दीर्घ मोठ्यांनाही जमत नाही, पेपर उघडून बघा, त्यामुळे विज्ञानाच्या वहीत त्यावर लाल पेन नको.

१४. पाढे पाठ होत नाहीत, पंचवीस म्हटलं की ५२ लिहितो. हे पण त्यातलंच का?

असू शकतं, पण इथे मराठीचा पण हात आहे. आपण पंच आधी बोलतो, वीस नंतर, आणि लिहिताना २ आधी. वर 'एकोणचाळीस' मध्ये चाळीस ऐकू येतं आणि लिहायचं ३९. साधी मुलंही चुकतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचायची पद्धत जोडली तेव्हा केवढी टिंगल झाली, विधानसभेत सुद्धा विषय निघाला, पण माझ्याकडच्या मुलांना त्याने खरंच फायदा होतो. घरी बिनधास्त वापरा, पंचवीस आणि वीस पाच दोन्ही म्हणू द्या.

आकड्यांच्या नावात घोळ आहे पण सात जास्त की पाच हे पटकन कळतं, तर बहुतेक भाषेची अडचण. तेच कळत नसेल, बोटं सोडवत नसतील, घड्याळ आणि सुटे पैसे जमत नसतील तर डिसकॅल्क्युलिया तपासून घ्या. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून गणित करू द्या, पद्धत समजणं महत्त्वाचं.

१५. मोबाईलवर धडा ऐकून अभ्यास केला तर वाचायची सवयच जाईल ना?

वाचनाचा सराव वेगळा आणि विषय शिकणं वेगळं. वाचनाची पंधरा मिनिटं चालूच आहेत की (प्रश्न १२). पण भूगोल कळायला वाचता येईपर्यंत थांबायचं का? फोन आता मराठी वाचून दाखवतो, गुगल लेन्सने पानाचा फोटो काढला की ऐकता येतं, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. सुगम्य पुस्तकालय ही २०१६ पासूनची ऑनलाइन लायब्ररी छापील वाचता न येणाऱ्यांसाठी आहे, त्यात डिसलेक्सिया पण धरतात. ऐकताना पुस्तक उघडं ठेवून बोट फिरवायला सांगा. मोठ्या मुलांना बोलून टाईप करायला शिकवा, निबंधात पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यातलं कागदावर येतं.

१६. रंगीत चष्मा, डोळ्यांचे व्यायाम, मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन, ब्राह्मी... यातलं काय करू?

काहीच नको. डोळ्यांच्या व्यायामाने किंवा रंगीत काचेने डिसलेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून तेच सांगितलंय. नंबर असेल तर साधा चष्मा लावा. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचन शिकवणारे क्लास तर उघड फसवणूक आहे, मुलं पट्टीच्या खालून बघतात. खास डिसलेक्सियाचे फॉन्ट निघालेत त्यांनीही विशेष फरक पडत नाही, अक्षरं थोडी मोठी आणि मोकळी छापली तर मात्र बऱ्याच मुलांना बरं वाटतं. औषध डिसलेक्सियाला नाहीच. बरोबर एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) असेल, आणि तो पुष्कळदा असतो, तर त्याचं औषध डॉक्टर देऊ शकतात, तो निर्णय त्यांच्याशी बोलून घ्यायचा.

१७. शाळा ऐकूनच घेत नाही. म्हणतात आमच्याकडे अशी मुलं नसतात.

असतात, त्यांना दिसत नाहीत. तोंडी भांडू नका, लेखी द्या. रिपोर्टची कॉपी, आणि चारच मागण्या: वर्गात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावू नका, फळ्यावरचं उतरवायला वेळ द्या किंवा फोटो काढू द्या, स्पेलिंगचे मार्क इतर विषयांत कापू नका, टेस्टला जादा वेळ द्या. पोच घ्या. मागण्यांची वीस कलमी यादी दिलीत तर एकही होणार नाही. २०१६ च्या कायद्यात अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकलीय, अशी मुलं लवकर ओळखण्याची पण, तो उल्लेख पत्रात करा, भाषा नम्र ठेवा. नाहीच झालं तर गटशिक्षणाधिकारी. आणि वर्गात एक तरी शिक्षिका अशी असतेच जी ऐकते, तिला शोधा, अर्धं काम तिथेच होतं.

१८. मुलगा चौदा वर्षांचा आहे, रेमेडियलला जायला नाही म्हणतो, दार आपटतो, 'मी ढ आहे' म्हणतो. काय करू?

त्याला कोणी नीट सांगितलंय का त्याला काय आहे ते? बहुतेक घरात आईबाबांना माहीत, शाळेला माहीत, आणि ज्याचं आहे त्याला फक्त 'तुला थोडी प्रॅक्टिस हवी' एवढंच. सरळ नाव घेऊन सांगा. 'तुझं डोकं चांगलं आहे, वाचायचा वेग कमी आहे, त्याला डिसलेक्सिया म्हणतात, ही तुझी चूक नाही' एवढं पुरे, भाषण नको आणि मोठ्या शास्त्रज्ञांची नावं तर मुळीच नकोत, 'त्याला पण होता' असं म्हटलं की मुलांना वाटतं आता आपण पण काहीतरी शोध लावायला हवा.

रेमेडियलला लहान मुलांची पुस्तकं देत असतील तर तो पळणारच. त्याच्या आवडीचं वाचायला द्या, बाईकचे रिव्ह्यू, मॅचचं वर्णन, गाण्याचे शब्द. वेळ त्यालाच ठरवू द्या. आणि ज्यात तो चांगला आहे ते 'आधी अभ्यास मग' म्हणून बंद करू नका, कबड्डी बंद केली म्हणून कोणाचं वाचन सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. झोप, जेवण बिघडलं, जगण्याबद्दल वेडंवाकडं बोलायला लागला तर अभ्यास बाजूला आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

१९. दहावीला नक्की काय सवलती मिळतात? रायटर घ्यावा का? आणि सातवीचं गणित घेतलं तर चालेल का?

महाराष्ट्राने अशा सवलती बाकी राज्यांच्या खूप आधी, नव्वदच्या दशकातच सुरू केल्या. जादा वेळ (तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास), रायटर, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, ठरावीक ग्रेस मार्क, एखादी भाषा सोडून कार्यानुभवाचा विषय, आणि गणितात सातवीच्या पातळीचं अंकगणित, अशी साधारण यादी. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. नववीतच मुख्याध्यापकांना भेटा. सीबीएसई आणि आयसीएसईचे नियम वेगळे आहेत, बोर्ड बदलणार असाल तर नवीन शाळेत सर्टिफिकेट परत दाखल करावं लागतं.

मिळतंय म्हणून सगळं घ्यायचं नाही. जादा वेळ प्रत्येकाने घ्यावा. रायटर त्यानेच घ्यावा ज्याचं अक्षर लागत नाही किंवा हात दुखतो, आणि रायटर खालच्या वर्गातलाच लागतो, तो शोधायची जबाबदारी बऱ्याचदा घरच्यांवरच येते. रायटरला सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, 'स्वल्पविराम, पुढची ओळ' असं सांगायला लागतं, सराव न करता पहिल्यांदा थेट बोर्डात बसवलं तर मुलं गडबडतात, म्हणून नववीपासून प्रत्येक टेस्टला तोच प्रकार ठेवा. चांगलं टाईप करणाऱ्या, हळू पण स्वतः लिहिणाऱ्या मुलांना रायटर नकोसा होतो, त्यांचं ऐका.

सातवीच्या गणिताचं मात्र फार विचार करून. ज्याला डिसकॅल्क्युलिया आहे आणि आर्ट्स, डिझाईन, हॉटेल मॅनेजमेंट असं काही करायचंय त्याच्यासाठी ही सुटका आहे. पण नुसतं वाचनात अडणाऱ्या, गणित समजणाऱ्या मुलाला 'मार्क वाढतील' म्हणून ते घ्यायला लावलं तर सायन्स, पॉलिटेक्निकचा रस्ता तुम्हीच बंद करता. भाषा सोडतानाही ज्या कोर्सला जायचंय तिथल्या अटी आधी बघा. फॉर्म भरल्यावर मागे येता येत नाही असं समजूनच ठरवा.

दहावीतच कळलं असेल तर? लगेच हॉस्पिटल गाठा, शाळेकडून बोर्डाचं वर्ष आहे असं पत्र घेऊन जा. या वर्षी नाही जमलं तरी बारावीला उपयोग होतोच.

२०. बारावीनंतर काय? नीट, जेईई, कॉलेज, नोकरी इथे काही मिळतं का?

४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के, त्यातला १ टक्का एसएलडी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे मिळून. मेडिकलसारख्या कोर्सला ठरवलेल्या बोर्डाकडे परत तपासणी होते, शाळेचं सर्टिफिकेट तिथे पुरत नाही.

जादा वेळाचा वेगळा हिशोब. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन निकाल दिले. एकात सांगितलं की रायटरसाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. दुसरा नीट देणाऱ्या डिसग्राफिया असलेल्या मुलीचा, तिला सेंटरवर हक्काचा तास दिलाच नाही आणि पेपर काढून घेतला, कोर्टाने हे चूक ठरवलं आणि परीक्षा घेणाऱ्यांना सुधारायला सांगितलं, पण परत परीक्षा काही तिला मिळाली नाही. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांखालच्यांसाठीही गाइडलाइन्स आल्या. त्यामुळे फॉर्म भरतानाच तो पर्याय निवडा, त्यांच्याच नमुन्यातलं सर्टिफिकेट वेळेत काढा, अ‍ॅडमिट कार्डवर सवलत छापून आलीय का बघा, नसेल तर त्याच दिवशी ई-मेल टाका, आणि नियमाची प्रिंट घेऊन सेंटरवर तासभर आधी पोचा. सुपरवायझरला बऱ्याचदा माहीतच नसतं.

२१. हे सगळं वाचून मला वाटतंय मलाच लहानपणी हे होतं. आता चाळिशीत टेस्ट करून काय फायदा?

घराण्यात असतंच हे, आईला किंवा बाबांना असलं तर मुलांमध्ये असायची शक्यता बरीच वाढते, त्यामुळे पालकांच्या मीटिंगमध्ये एखादे बाबा हळूच हा प्रश्न विचारतातच. टेस्ट मोठेपणी पण होते, प्रायव्हेटमध्ये सायकॉलॉजिस्ट करतात. नोकरीत किंवा एखाद्या परीक्षेत सवलत हवी असेल तर करा, नाहीतर नाही केली तरी चालेल. मुलाला मात्र सांगा की तुम्हाला पण धडा वाचायला त्रास व्हायचा आणि तुम्ही काय युक्त्या करायचात. आणि तुम्हाला स्वतःला अजून वाचून दाखवणं जड जात असेल तर ऑडिओ गोष्ट लावून दोघं शेजारी बसून ऐका, प्रश्न १२ मधलं झोपतानाचं वाचन तसंही होतं.